केवड्याच्या चार ओळी

"कितने थे? अरे, किती होती ते तरी सांगा!"

चाचा बांधावरून ओरडत होते. आवाज असा, की दौलताबादच्या किल्ल्यावरची तोफसुद्धा आपल्याला कुणी बत्ती दिली म्हणून दचकली असेल. समोर बाजरीच्या चार ओळी, हिरव्यागार, एकसारख्या. कडेला खुरपी घेतलेल्या आठ बाया, मुक्या. मीही मुका. का, ते पुढं येईलच.

चाचा आमच्या बाजरीच्या संशोधन-शेतावर निजामाच्या अमलापासून होते. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, साहेब बदलले. चाचांची छत्री बदलली नाही आणि त्यांचं एक वाक्य बदललं नाही. "सूरत पो नक्को जाओ मियाँ, बच्चे देखो." रूपावर जाऊ नका, पोरं बघा, हे ते झाडाला लावायचे तसं माणसालाही. मला सिल्लोडची मुलगी सांगून आली, तेव्हा चाचांनी तिच्या बापाला तिची भाचरं किती आणि कशी, यावर दोन तास उलटसुलट तपासलं. सोयरीक तिथंच मोडली. त्या बापानं पुढं सात गावांत बाजरी खाणंच सोडलं म्हणतात.

फुलंब्रीकडं एका रानात सगळी बाजरी केवडा रोगानं गेली होती. कणसाच्या जागी नुसता पानांचा झुपका. त्यात एकच झाड ठणठणीत. चाचांनी ते मातीसकट उपसलं आणि एसटीत खिडकीजवळ बसवून आणलं. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं, हे मी कुठंही शपथेवर सांगायला तयार आहे.

आम्ही वा वा केलं. चाचा म्हणाले, थांबा. वरून ठणठणीत, पण पोटात दुबळेपणा लपला असेल तर पोरांत केवडा परत येणार. मग केवड्याला हमखास बळी पडणाऱ्या बाजरीची कणसं त्यांनी पिशव्यांत बांधली, या झाडाचा पराग त्यांच्यावर झाडला. आलेलं सगळं बी, लागण व्हावी म्हणून, रोगट ताटांना खेटून चार ओळींत पेरलं. सगळी रोपं निरोगी राहिली तर झाड अस्सल. निम्मी आजारली तर पोटात खोट. एखाद-दुसरं गेलं तर उडत आलेल्या परक्या परागाचं म्हणून सोडायचं. सारा निवाडा मोजणीवर.

मूळ झाड तोवर वाळलं होतं, त्याचं कणीस पाखरांनी नेलं होतं. चाचांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. "इतना मालूम हुआ तो बस," म्हणायचे.

नेमके तेव्हाच ते तापानं आठ दिवस पडले आणि नेमका तेव्हाच पुण्याचा मोठा साहेब पाहणीला निघाला. मी शेताचा सुपरवायझर. रोगट ताट एकसुद्धा दिसायला नको, असा हुकूम मी सोडला. गयाबाई मजुरांची मुकादम. बियाण्याच्या रानात जन्म गेलेला. केवडा दिसला की उपटायचा, जाळायचा, हे तिच्या हातालाच ठाऊक. तिनं त्या चार ओळीही साफ केल्या, मरतुकडी रोपंही काढली, आणि ओळ बोडकी दिसू नये म्हणून शेजारची रोपं आणून नांग्याही भरल्या. सगळ्या शेतातल्या उपटलेल्या रोपांची एकच राख झाली. साहेबानं वहीत 'उत्कृष्ट' असा शेरा मारला.

ताप उतरल्यावर आलेले चाचा बांधावर ओरडून दमले, मग राखेपाशी बसले. छत्रीच्या टोकानं राख उकरत राहिले. संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, बायांनी घोटाळा केला. त्यांनी मान डोलावली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, बघा.

पुढं त्या ओळींत पिकलेलं बी डब्यात राहिलं. अस्सल की खोटं, हे ठाऊक नसलेलं बी कोण पेरणार? निवृत्तीनंतर चाचा दर शुक्रवारी नमाज उरकून येत, डबा हलवून बघत, जागेवर ठेवत आणि जात. तिसऱ्या वर्षी आले नाहीत.

त्यांच्या मयतीहून मी परस्पर शेतावर गेलो. गयाबाई निंदत होती. म्हणालो, "चाचा गेले. आता तरी खरं सांग, त्या चार ओळींत केवड्याची किती होती?"

तिचं खुरपं थांबलं नाही.

"मोजा म्हणून तुमी कवा सांगितलं? उपटा म्हणले व्हते."