बाजूला सरकलेलं भोक

सानगडीच्या आठवडी बाजारात बासऱ्या विकणारा तो माणूस मला एकदाच भेटला, शहात्तर-सत्त्याहत्तर साली. बाबा गेल्यावर त्यांची चिरलेली बासरी मी त्याच्यापुढे ठेवली आणि हुबेहूब तशीच नवी मागितली. गवताच्या काडीनं त्यानं भोकांमधली अंतरं मोजली आणि तापलेली सळई उचलली.

“शेवटचं भोक बाजूला सरकलं आहे जी, ते सरळ करा न,” मी म्हणालो.

त्याचा हात थांबला. “वाजवनाऱ्याचं बोट वाकडं होतं का जी?”

विळ्यानं कापल्यापासून वाकडं झालेलं बाबांचं बोट मी विसरलोच होतो. मी होकारार्थी मान हलवली.

“मंग सरळ कायले करता?”

त्यानं भोक बाजूलाच पाडलं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, पण उपकार विसरलो नाही. ते भोक झाकताना माझं धडधाकट बोट आजही बाबांच्या बोटासारखं वाकतं.