चष्मा, कवळी आणि आमच्या आपा

माणूस शहाणा की वेडा याचा निकाल आमच्या कोर्टात न्यायाधीश देतात; पण तो द्यायच्या आधी न्यायाधीशांनाच वेड लागावं अशी चोख व्यवस्था आमच्या आपा करतात. अबुधाबीतल्या आमच्या विभागात दोनच प्रकारची कामं येतात. एक, गेलेल्या माणसाच्या मिळकतीची वाटणी. आणि दुसरं, ज्यांचं डोकं आता साथ देत नाही अशा जिवंत माणसांसाठी पालक नेमणं. कोणती सुनावणी कोणत्या खोलीत, कोणाला आधी आत सोडायचं, दुभाष्याला कुठे उभं करायचं, हा सगळा कारभार आपांच्या हातात. मी त्यांच्या हाताखालची दुभाषी. आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या, पण शाळा-कॉलेज सगळं इथलं, त्यामुळे त्यांचं अरबी माझ्यापेक्षा सरस आणि मराठी माझ्यापेक्षा तिखट. वयाने मोठ्या म्हणून आम्ही सगळे, अगदी दारावरचा मल्याळी सिक्युरिटीसुद्धा, त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणतो. त्या आम्हाला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आपांचं म्हणणं असं की, वारसांची निम्मी भांडणं कायद्यामुळे होत नाहीत, खुर्च्यांमुळे होतात. माणसं समोरासमोर बसली की एकमेकांची तोंडं दिसतात आणि जुनं सगळं आठवतं. म्हणून त्या भांडणाऱ्या भावांना एकाच सोफ्यावर, भिंतीकडे तोंड करून बसवतात, जावयांना कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला पाठवतात आणि सुनांना पाण्याच्या मशीनजवळ. त्यात पुन्हा एसीचा रिमोट पर्समध्ये घेऊन फिरतात, कारण गारठ्यात माणसं चिडतात असा त्यांचा सिद्धांत आहे. एकदा वडिलांच्या मीना बाजारातल्या कापडाच्या दुकानावरून दोन भाऊ आले होते. आपांनी त्यांना सोफ्यावर बसवलं, एसी जवळजवळ बंद केला आणि विसरून गेल्या. मी बोलवायला गेले तर दोघेही घामाघूम होऊन, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते. उठल्यावर भांडले ते भांडलेच, उलट झोपमोड झाल्यामुळे जरा जोरातच भांडले. मी आपांकडे रागाने पाहिलं. त्या म्हणाल्या, "बघतेस काय? बाप गेल्यापासून पहिल्यांदा बाजूबाजूला झोपले असतील. यल्ला, चल, पुढची केस घे."

त्यांचा 'इन्शाल्ला' हाही एक अभ्यासाचा विषय आहे. वर बघून म्हटला की काम होणार. कॉम्प्युटरकडे बघून म्हटला की होईल, पण तुम्ही मधे लुडबुड करू नका. आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून, अगदी गोड आवाजात म्हटला की खलास, घरी जा. नवे वकील या तिसऱ्या इन्शाल्लावर खूश होऊन थँक्यू म्हणतात आणि नंतर महिनोन्महिने मला फोन करून माझं डोकं खातात.

पण माझ्या नाकी नऊ आणले ते त्यांच्या दारावरच्या तपासणीने. ज्या माणसाच्या डोक्याबद्दल अर्ज आहे त्याला आत सोडण्याआधी आपा स्वतः दारात उभ्या राहतात आणि आणणाऱ्या नातेवाइकांना तीन प्रश्न विचारतात. चष्मा आणला? कवळी बसवली? कानातलं मशीन चालू आहे? यातलं एक जरी घरी राहिलेलं असेल तर ते येईपर्यंत सुनावणी पुढे. हे कुठल्या नियमात आहे, असं मी एकदा विचारलं होतं. "माझ्या," असं उत्तर मिळालं. आदल्या संध्याकाळी त्या घरोघर फोन करून आठवण देतात, तरी लोक विसरतातच, आणि मग दारात जो काही तमाशा होतो तो मला तीन भाषांत ऐकावा लागतो. त्यातून कोणी त्या म्हाताऱ्या माणसासमोर "हे हल्ली काही बोलत नाहीत" असं म्हटलं, तर आणखीच पंचाईत. "समोर बसलेत ना? मग त्यांनाच पूछो!" असं आपा इतक्या मोठ्याने ओरडतात की, कानातलं मशीन नसलेल्यालाही ऐकू जावं.

एका आजोबांना मुलाने पार शारजाहून, दीड-दोन तासांच्या वाटेवरून, आणलं होतं आणि कवळी राहिली घरी. वकील संतापले. मुलगा म्हणाला, "मॅडम, वो वैसे भी कुछ बोलते नहीं." आपांनी त्याला त्या भर उन्हात कवळी आणायला परत पाठवलं. न्यायाधीशांनी आतून मला घाई करायचा निरोप दिला, मी तो आपांना दिला, आपांनी मलाच झापलं. शेवटी कवळी आली, बसली, आणि आजोबांनी पहिलं काम केलं ते म्हणजे मुलाला एक अस्सल शिवी हासडली. ती मला भर कोर्टात भाषांतर करून सांगावी लागली. त्यानंतर त्यांनी न्यायाधीशांना न्हावी समजून "कानावरचे बारीक कर" असं फर्मावलं. निकाल जो लागायचा तोच लागला. सगळ्यांचा दिवस वाया, मी तर रडकुंडीला आले होते. "आपा, काय मिळालं यातून?" मी विचारलं. "काही नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "पण स्वतःच्या तोंडाने बोलून लागला ना निकाल?" अशा माणसापुढे कपाळाला हात लावण्यापलीकडे काय करणार!

मग एके सकाळी अर्जांच्या गठ्ठ्यात मला आपांच्या आईचं नाव दिसलं. अर्ज आपांच्या धाकट्या भावाचा होता. आई कित्येक वर्षं आपांकडे, इथल्याच खलिफा सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहत होती आणि आता माणसं ओळखेनाशी झाली होती. भावाचं म्हणणं, बहीण दिवसभर ऑफिसात, आई परक्या बाईच्या भरवशावर. तिचा पालक मला नेमा, मी तिला गावी नेतो, तिथे चुलत घरची माणसं आहेत, बोलीभाषा आहे. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. आपांनाच पालक व्हायचं होतं. आई गावी गेली तर वर्षातून एकदा भेटणार, आणि पुढच्या वर्षापर्यंत ती असेल का, हे कोण सांगणार? आपांनी त्या दिवसापुरता कारभार दुसऱ्या साहेबांकडे लेखी सोपवला. दुभाषी म्हणून मी नको, असं मी स्वतः न्यायाधीशांना सांगितलं, पण आईची बोली कळणारं दुसरं कोणी नव्हतं आणि भाऊच म्हणाला, "हिलाच ठेवा, मला ऑब्जेक्शन नाही."

सुनावणीच्या दिवशी आपा लोकांच्या रांगेत बसल्या. बसल्या म्हणजे काय, तिथूनही कारभार चालूच होता. नव्या साहेबांना एसीबद्दल खुणा केल्या, भावाला हाताला धरून आपल्याच सोफ्यावर बसवलं, माझ्या ओढणीला पिन लावायला लावली. मला इतका संताप आला! आज तरी या बाईने गप्प बसावं की नाही? मग त्यांची आई आत आली आणि आपांच्या शेजारी बसली. इस्त्रीची ओढणी, पुसलेला चष्मा, बसवलेली कवळी आणि कानात नवी बॅटरी घातलेलं मशीन. दारात कोणी काही विचारायची गरजच नव्हती. आपांनी तिला इतकं नीटनेटकं तयार करून आणलं होतं की, आता तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही म्हणायला कसलीच सबब उरली नव्हती.

न्यायाधीशांनी आपांकडे बोट करून विचारलं, "या कोण आहेत?" मी ते आईच्या बोलीत सांगितलं. आईने चष्म्यातून आपांकडे खूप वेळ पाहिलं. आपा हसल्या, अगदी शाळेतल्या मुलीने बाईंकडे बघून हसावं तशा. आई म्हणाली, "मना ठाव नाय." मी भाषांतर केलं. आपांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

न्यायाधीशांनी भावाबद्दल विचारलं. तोही तिला ठाऊक नव्हता. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अम्मा, तुम्हाला कोणाजवळ राहायचं आहे?"

"ह्या बाईजवळ," आईने आपांचीच बाही पकडली. "कोन ता ठाव नाय. दिसभर कटकट करते. ह्या खा, ता पी, पाय पूस. लय कटकट. पन हिलाच ऱ्हाव दे."

मी शब्द न शब्द सांगितला, कटकटीसकट. भाऊ रुमालात तोंड घालून हसत होता की रडत होता, कळलं नाही. त्याने हात वर करून सांगितलं, "माझा अर्ज मी मागे घेतो. अम्मी बोलली ना, खलास." न्यायाधीशांनी पालक म्हणून आपांचं नाव घातलं आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेर आपा काहीच बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मनातल्या मनात मी म्हटलं, ओरडा हो आपा कोणावर तरी, माझ्यावर ओरडा. पार्किंगमध्ये उन्हाचा नुसता जाळ होता. भाऊ गाडी आणायला गेला. आईने आपांचा हात सोडला नव्हता. चालता चालता थांबून तिने आपांकडे वर बघितलं आणि काळजीने विचारलं, "बाय, तुजी माय हाय का गो?"

"हाय ना," आपा म्हणाल्या. "बरी हाय."

"मंग तिला सोडून हय काय करतस? जा की तिच्याकडं."

"जातंय," आपा म्हणाल्या, "आताच जातंय." आणि आईला सावलीत घेत माझ्याकडे वळून खेकसल्या, "तू काय बघत उभी आहेस? गाडी आली, दार धर." मी दार धरलं.