अनवाणी साडेतीन किलोमीटर

पळताना भांडता आलं की वेग बरोबर आहे, हा शोध आमच्या घरात लागला. मूळ नियम असा, की पळता पळता सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की समजायचं, आपण नको तेवढ्या जोरात पळतोय. पण मी आणि माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, आम्ही साधं बोलतो कधी? सव्वीस वर्षं आम्ही मुलुंड पूर्वेला एकाच इमारतीत राहतोय, त्या चौथ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. या सव्वीस वर्षांत आमटीत गूळ किती घालावा या एका विषयावर आमचं जे वाङ्मय तयार झालंय, ते छापलं तर कपाट भरेल. तेव्हा मिठागर रोडवरून पहाटे पळताना मी "एवढा गूळ घालायला ती आमटी आहे की खीर?" हे एका दमात म्हणू शकले, की वन्सं मान डोलवायच्या. वेग ठीक.

पळण्याचं खूळ त्यांचंच. कचेरीतून निवृत्त झाल्या, साखर काठावर आली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. वन्सं सांगितल्यापेक्षा जास्तच करणाऱ्या, त्या पळायलाच लागल्या. साठाव्या वर्षी! आणि एकटीला कंटाळा येतो म्हणून मला ओढलं. मी त्रेपन्नची, जिन्याच्या दोन मजल्यांत तीनदा कमरेवर हात ठेवणारी. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळायचं आणि तीन मिनिटं चालायचं, असं होतं. मी त्या एका मिनिटात सगळ्या देवांची नावं घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. हळूहळू उलटं झालं, तीन मिनिटं पळायचं आणि एक मिनिट चालायचं. ज्या दिवशी पहिल्यांदा सलग पाच किलोमीटर झाले, त्या दिवशी मी भाजीवाल्याला, वॉचमनला आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी माणसालाही ते सांगितलं. तो तिसऱ्या मजल्याचं कुरिअर घेऊन आला होता. त्याने अभिनंदन केलं.

वन्संचे नियम कडक. आज पळलं की उद्या विश्रांती, आणि विश्रांती म्हणजे विश्रांती, माळे साफ करायचे नाहीत. मोजे सुती घालायचे नाहीत, घामाने ओले होऊन फोड येतात. जिथे जिथे घासतं तिथे व्हॅसलीन. घरी आल्यावर दहा मिनिटं भिंतीला पाय टेकवून पडायचं आणि मग लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. पोटऱ्या आखडल्या तर त्यावरून लाटणं फिरवायचं. हो, लाटणंच. लोक त्यासाठी दुकानातून फोमचं नळकांडं आणतात, पण वन्सं म्हणाल्या, घरात लाटणं असताना कशाला? ते लाटणं ओळखू यावं म्हणून त्याला लाल दोरा बांधला होता. एकदा दोरा सुटला, आणि पाहुण्यांसाठी पुऱ्या नेमक्या त्याच लाटण्याने झाल्या. पुऱ्या टम्म फुगल्या. पाहुण्यांनी कौतुक केलं. त्याबद्दल आम्ही दोघींनी आजतागायत तोंड उघडलेलं नाही.

पण वन्संचं माझ्याबद्दलचं एक वाक्य होतं, ते मला टोचायचं. "तू काही पुरं म्हणून करत नाहीस गं." आणि टोचायचं, कारण ते खरं होतं. एका बाहीचा स्वेटर, दोन परीक्षांनंतर सोडलेली हार्मोनियम, तीनदा काढलेलं आणि तीनदा मुदत संपलेलं शिकाऊ लायसन्स. मी सुरुवात झकास करते. पुढे काय होतं, माझं मलाच कळत नाही. म्हणून पवईच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत आम्ही दोघींनी नाव घातलं, तेव्हा मी हळदीकुंकवाला जमलेल्या साऱ्या बायकांसमोर सांगून टाकलं, "ही मी पुरी करून दाखवणार." वन्संनी नुसतं तिळगुळाचा डबा पुढे केला. त्यांचं ते न बोलणं मला फार लागलं. मेडल वगैरे गेलं खड्ड्यात, मला ही एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत शेवटपर्यंत न्यायची होती.

अट एकच होती. दहा किलोमीटर पावणेदोन तासांत. जो मागे पडेल त्याला मागून येणारी बस गोळा करते. मी तिला झाडूवाली बस म्हणायची. ती सगळ्यांच्या मागे, पावणेदोन तासांच्या हिशेबाने सरकत असते. ती गाठेपर्यंत तुम्ही शर्यतीत, गाठलं की बाहेर.

आता बुटांचं. दिवाळीत मी पळायचे चांगले, महागाचे बूट घेतले. पोपटी, नारिंगी नाडीचे. वन्संचा सगळ्यात मोठा नियम हा, की शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही. ना बूट, ना मोजे, ना नाश्ता. "आधी चार-सहा वेळा घालून पळ, पायाला ओळख होऊ दे," असं त्यांनी दहादा सांगितलं. मी दहादा हो म्हटलं. आणि बूट खोक्यात ठेवले, खोकं फ्रिजवर. अहो, नवी वस्तू अशी रोजच्या रोज वापरायची असते का? माझ्या आईने माझा दिवाळीचा फ्रॉक कधी वसुबारसेच्या आधी अंगाला लावू दिला नाही. आमच्या घरातल्या चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी, चांगल्या चादरी पाहुण्यांसाठी, आणि नवीन साडीची घडी चांगल्या दिवशी मोडायची. मग माझ्या आयुष्यातल्या पहिल्या शर्यतीपेक्षा चांगला दिवस कुठला? मिठागर रोडच्या धुळीत मी ते पोपटी बूट मळवणार होते होय? सराव जुन्याच बुटांवर केला. शर्यतीच्या पहाटे खोकं उघडलं, नव्या बुटांचा वास घेतला, आणि मला कृतकृत्य वाटलं.

सुरुवातीला काय मजा! ढोल वाजत होते, कोणी उड्या मारत होतं, तलावावर धुकं होतं, आणि हजारभर माणसं चाललीत आणि त्यांत मी! वन्सं पहिल्याच वळणावर पुढे निघून गेल्या, त्या माझ्यापेक्षा चपळ. मी आपल्या तीन-एकच्या तालात. चौथ्या किलोमीटरला उजव्या टाचेला काहीतरी चावलं. पाचव्याला डाव्या. सहाव्याला दोन्ही टाचांवर कुणी वात पेटवून ठेवली आहे असं झालं. साडेसहाला मी फुटपाथच्या कडेला बसले, बूट काढले, आणि पाहिलं तर पावलीएवढे दोन फोड, त्यातला एक फुटलेला.

वाट लागली. आता? बूट टाकून द्यावे तर जीव होईना. ते पुन्हा घालणं शक्य नव्हतं. मी दोन्ही बूट नाड्यांनी बांधून हातात घेतले आणि अनवाणी पळायला लागले. कुणी असं करू नये, हे मी आता शहाणपणाने सांगते. त्या वेळी शहाणपण नव्हतं, पहाटेचा गार रस्ता होता, आणि तो इतका सुखाचा लागला की मला हसायलाच यायला लागलं.

बसस्टॉपवर उभ्या असलेल्या एका बाईंनी मला पाहिलं आणि हात जोडले. "कुठल्या देवाला निघालात हो?"

"नाही हो, शर्यत आहे!"

"पण अनवाणी मंगळवारी जातात ना? आज रविवार."

"बूट चावले!" मी ओरडले. पण त्यांना ऐकू आलं नसावं, कारण त्या चार पावलं माझ्याबरोबर धावल्या आणि माझ्या पायाला हात लावायला वाकल्या. "फोडाला नको, फोडाला नको!" मी उड्या मारत किंचाळले. पलीकडे एक दूधवाला टाळ्या वाजवत होता. मी हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हातातले बूट गुडघ्यावर आपटत होते. माझ्या जन्मात मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

साडेसातव्या किलोमीटरला दुभाजकावर वन्सं बसलेल्या दिसल्या. पाय लांब केलेला, दोन पोरी त्यांच्या पोटरीवर स्प्रे मारत होत्या. पोटरीत गोळा आला होता, पाय टेकवत नव्हता. वन्संनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, थेट हातातल्या बुटांकडे पाहिलं.

"आधी घातले नव्हतेस ना?"

"नाही."

"खोटारडी."

"वन्सं, मी थांबते तुमच्यापाशी," मी म्हटलं. आणि खरं सांगते, ते म्हणताना माझ्या आत कुठेतरी हुश्श झालं. किती सोयीचं कारण! आजारी नणंदेसाठी शर्यत सोडली, कोण नावं ठेवेल? वन्संनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. सव्वीस वर्षं वाचतायत.

"माझ्या पोटरीचं निमित्त करून सोडायची नाही," त्या म्हणाल्या. "बस येईल, मी बसेन तिच्यात. तू नीघ. नीघ म्हणते ना!"

मी निघाले. मागून बसचा हॉर्न ऐकू येत होता. आठव्या किलोमीटरला तो अगदी जवळ आला. माझे तळवे आता सोलवटले होते, गार रस्त्याचं सुख कधीच संपलं होतं, आणि चढ लागला. मी चालायला लागले. आता गाठणार, आता गाठणार म्हणून मागे पाहिलं, तर बस थांबलेली. पुन्हा पळाले. नवव्याच्या अलीकडे पुन्हा पाय गळाले, पुन्हा हॉर्न, पुन्हा मागे पाहिलं, पुन्हा बस उभी. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात तिसऱ्यांदा तेच. मला वाटलं, बसला काहीतरी झालंय. मग वाटलं, छे, मीच जोरात पळतेय! हरणासारखी सुटलेय मी! मी त्या भ्रमात कमान ओलांडली, बूट डोक्यावर नाचवत, "झाली! झाली!" असं ओरडत. कुणीतरी माझ्या गळ्यात मेडल घातलं, आणि दोनच मिनिटांत मागून बस येऊन उभी राहिली.

बसमधून एक स्वयंसेवक मुलगी आधी उतरली. "काकू, त्या पुढच्या सीटवरच्या आजी तुमच्याच ना?" ती म्हणाली. "अहो, तीन वेळा म्हणाल्या, उलटी होतेय, बस थांबवा. ड्रायव्हरकाका घाबरलेच. तीनही वेळा खाली उतरल्या, नुसत्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, चला आता, बरं वाटतंय."

माझ्या वन्सं, ज्यांनी आयुष्यात कधी रांग मोडली नाही, ज्यांनी शेजारणीचा चुकून आलेला पेपरसुद्धा न उघडता परत केला, त्या. त्या लंगडत, दांड्याला धरून उतरल्या. चेहरा कचेरीतला. माझ्या गळ्यातल्या मेडलकडे पाहिलं, मग माझ्या रक्ताळलेल्या टाचांकडे. मला रडू आवरेना.

"वन्सं," मी म्हटलं, "खरंच उलटी येत होती?"

"येत होती तर," त्या म्हणाल्या. "पुढच्या काचेतून तू दिसत होतीस. तू पळायचं सोडून चालायला लागलीस, की मला मळमळायचं."