सगळे चेहरे साफ आलेत

मी काढलेल्या फोटोंत माणसांना डोकी नसतात, हे आमच्या घरात आता कुणाला सांगावं लागत नाही. अल्बम उघडला की कळतंच. मेहुणीच्या लग्नातली नवरी गळ्यापर्यंत. पुतण्याच्या मुंजीतला बटू जानव्यापर्यंत. माझे सासरे म्हणजे चांगला ताडमाड माणूस, पण अल्बममध्ये ते निव्वळ कोट आणि काठी या रूपात उरले आहेत. नवरीचा फोटो पाहून आमची सौभाग्यवती एवढंच म्हणाली होती, की मंगळसूत्र मात्र छान आलंय.

कॅमेरा चांगला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. महूच्या छावणीतले गोरे साहेब सामान विकून मायदेशी निघाले, तेव्हा तिथल्या लिलावात मी तो घेतला. उघडला की हार्मोनियमसारखा भाता बाहेर यायचा. वरच्या इवल्याशा काचेत मला माणूस टोपीसकट दिसायचा. कागदावर येईपर्यंत ती टोपी आणि तिच्याखालचा ऐवज कुठे गळून पडायचा, ते त्या गोऱ्या साहेबालाच ठाऊक.

मध्यभारताचं राज्य होतं ते. सरकार थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. सरकार जाणार म्हणजे फायली जाणार, आणि फायली जाणार म्हणजे माझ्यासारखे कारकून जाणार. माझा कॅमेराही सरकारी पेटीतून, 'तातडीचे' असं लिहिलेल्या बस्त्यात गुंडाळून, वर्षातून दोनदा प्रवास करायचा. संपूर्ण मध्यभारतात बिनडोक फोटो काढणारा मी एकटाच नसेन, पण दोन्ही राजधान्यांत काढणारा नक्कीच एकटा होतो.

जुनी इंदूरमधल्या आमच्या घरासमोर एका मुसलमान शिंप्याचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना मास्टर म्हणायची. आमच्या गल्लीत दोन प्रकारची मराठी घरं. एक, ज्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. दुसरी, ज्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. दोघांच्याही अचकनी मास्टरांनी किंवा त्यांच्या वडिलांनी शिवलेल्या. संस्थान गेलं, दरबार गेला, पण अचकन शिवणं काही थांबलं नव्हतं. घालून जायला दरबार नाही म्हणून लोक त्या लग्नात घालू लागले, एवढंच.

मास्टरांचा धाकटा भाऊ फाळणीनंतर तिकडे गेला होता. तिकडून त्याची पत्रं यायची, की तुम्हीही या, दुकानाचं मी बघतो. पत्र आलं की मास्टर कैची बाजूला ठेवून मशीनला तेल घालत बसायचे. जावं की राहावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. ते मोठ्याने बोलायचे नाहीत, पण गल्लीला माहीत होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसून पेपर वाचून दाखवायचो. वाचणं कमी आणि ज्ञान पाजळणं जास्त. एकदा मी सांगितलं, की युरोपात लाखो माणसं मारणाऱ्यांवर मोठा खटला चालला, आणि त्यात भर कोर्टात पडदा लावून छावण्यांची फिल्म दाखवली. आरोपींना ती बसून बघावी लागली. आणि आता जगातल्या देशांनी मिळून ठरवलंय, की एखाद्या अख्ख्या जमातीला संपवणं हा गुन्हा. वंशसंहार म्हणायचं त्याला.

मास्टर काजं करत होते. सुई न थांबवता त्यांनी विचारलं, "मतलब, पहले गुन्हा नव्हता?"

याचं उत्तर पेपरात नव्हतं. मी घाईघाईने कॅमेऱ्याकडे वळलो. म्हणालो, मास्टर, गर्दीला हिंमत कशामुळे येते? आपला चेहरा कुणाच्या लक्षात राहणार नाही, यामुळे. उद्या प्रत्येक गल्लीत एक कॅमेरा असू दे, दंगल करायला कोणी घराबाहेर पडणार नाही. आपल्या गल्लीपुरती ती व्यवस्था झालेलीच आहे.

मास्टरांनी दोरा दाताने तोडला. "भाऊसाहेब, आप फोटो खींचोगे तो एक मेहरबानी करा. पहले मेरा सर बचा लेना. तुमच्या फोटोत तर बिना दंगे के ही सबकी गर्दन उड़ जाती है."

ओटा हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार.

आणि मग ती दुपार आली. सचिवालय नुकतंच ग्वाल्हेरहून परतलं होतं, लग्नसराई तोंडावर होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी झालं. नक्की काय, ते आजपर्यंत कळलेलं नाही. पण ते काहीतरी चौकाचौकात फुगत आमच्या गल्लीपर्यंत आलं, आणि त्याच्या मागोमाग काठ्या घेतलेली माणसं आली. मास्टरांनी आतून फळ्या लावून घेतल्या होत्या. गर्दी त्यांच्या ओट्यासमोर थांबली.

मी खिडकीतून पाहिलं. बाहेरगावचे गुंड असते तर घाबरायची रीत तरी ठाऊक होती. हे तर आमचेच होते. सकाळी माझ्याकडून पेपर मागून नेणारा त्यात होता. एकाच्या हातात घासलेटचा डबा. त्या फळ्यांच्या आत त्यांच्याच घरच्या नवरदेवांचे कपडे अर्धवट शिवून टांगलेले होते, हे त्यातल्या एकालाही आठवत नव्हतं.

"अहो," सौभाग्यवती मागून म्हणाली, "युरोपात फोटो कोर्टात चालतो म्हणाला होतात ना? मग जा की."

मी गेलो. शौर्याने गेलो असं कुणी समजू नये. ती मागे उभी होती आणि पुढे जाणं त्यातल्या त्यात सोपं होतं. आमच्या ओट्यावर कॅमेऱ्याची तिपाई रोवली. तिचे पाय तीन आणि माझे दोन, पाचही लटपटत होते. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: खबरदार, तुमच्या प्रत्येकाचा चेहरा कोर्टात जाईल. भाता ओढला, काचेत डोकावलो, आणि इतक्या लग्नामुंजींची सवय तोंडातून बाहेर पडली.

"जरा जवळ जवळ उभे राहा."

आणि ते राहिले.

आता हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही. पण आमच्या गल्लीत प्रत्येक दिवाणखान्यात दरबाराचा एक फोटो टांगलेला असे. त्यात आपले आजोबा कोणत्या रांगेत आहेत, बसलेत की उभे, यावर सोयरिकी ठरत. अशा लोकांसमोर तिपाई रोवून कुणी 'जवळ या' म्हटलं, की त्यांचे पाय आपोआप हलतात. कुणी केसांवरून हात फिरवला. कुणी काठी खाली घेतली आणि मग भालदारासारखी पुन्हा सरळ धरली. मागून एक आवाज आला, "क्यों भिया, असंच उभ्याउभ्या काढून राहिले का? खुर्ची-बिर्ची काही नाही?"

मी तोंड उघडायच्या आत सौभाग्यवती आतून खुर्च्या घेऊन आली. हात असलेली, माझ्या वडिलांची, तिने बरोब्बर मधोमध ठेवली. दोन्ही बाजूंना साध्या. आणि पदर सावरत, हळदीकुंकवाला बोलवावं तशा आवाजात विचारलं, "मधल्या खुर्चीवर कोण बसणार?"

इथून पुढचं मी वर्णन करू शकत नाही, तरी करतो. दफ्तरवाल्यांमधला एक पुढे सरसावला, कारण त्याचे आजोबा दरबाराच्या फोटोत बसलेले होते. फौजवाल्यांमधला एक म्हणाला, की बसले होते कारण त्यांना उभं राहवत नव्हतं, गुडघे गेले होते. मग कुणाच्या पणजोबांनी कुठल्या लढाईत काय केलं आणि ते चालू असताना कुणाचे पणजोबा कुठे हिशेब लिहीत बसले होते, हे सगळं निघालं. काठीवाले काठीवाल्यांशीच भांडू लागले. ज्या कामासाठी आले होते ते फळ्यांपाशी तसंच राहिलं. मी काचेत डोकं खुपसून उभा. डबेवाला तरुण तेवढा अवघडला होता. त्याच्या घरचं कुणी कुठल्याच फोटोत नव्हतं, त्यामुळे भांडणात त्याला जागाच नव्हती.

शेवटी ठरलं ते असं, की दफ्तरवाला मध्ये बसणार असेल तर फौजवाले बाजूच्या खुर्चीत बसणार नाहीत. आणि फौजवाला मध्ये बसणार असेल तर दफ्तरवालेही नाहीत. म्हणजे सगळे उभे. खुर्ची रिकामी.

"रिकामी खुर्ची फोटोत बरी दिसत नाही," सौभाग्यवती म्हणाली. "ज्यांच्या दारात फोटो निघतोय, त्यांनाच बसवा. त्यांचा मान."

तिने पुढे होऊन फळीवर टकटक केली. "मास्टर, बाहेर या. फोटो आहे."

ती फळी सरकायला किती वेळ लागला, ते मला कधीच नीट सांगता आलेलं नाही. मास्टर बाहेर आले. गळ्यात टेप, सदऱ्याला टोचलेली सुई, चेहरा कागदासारखा. त्यांनी काठ्यांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खुर्चीकडे बोट केलं. ते बसले. त्यांना अडवावं असं वाटलेले दोघेतिघे असतीलही. पण मास्टर उठले तर समोरचा बसेल, ही भीती दोन्ही पक्षांना जास्त होती. डबेवाल्याला डबा फोटोत नको होता. त्याने तो हळूच मास्टरांच्या खुर्चीखाली सरकवला.

"हसा," मी म्हणालो. कॅमेऱ्यामागून दुसरं काही बोलायला मी कधी शिकलेलो नाही.

खटका दाबला. आणि गंमत अशी, की ग्रुप फोटो झाल्यानंतर माणसं काय करतात ते सगळ्यांना पाठ असतं. ती पांगतात. जाताना विचारतात, कॉपी कधी मिळेल. तसंच विचारत सगळे घरोघर गेले. पोलीस आले तेव्हा गल्लीत आमच्या खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या, आणि एक घासलेटचा डबा.

फिल्म मी घरीच, मोरीत, दिव्याला लाल कागद बांधून धुतली आणि छापली. सौभाग्यवती पदराने तोंड दाबून शेजारी बसली होती. कागदावर हळूहळू धोतरं उगवली. मग पायजमे, काठ्या, अचकनींची बटणं. मग कॉलर. आणि कॉलरच्या वर आमच्या गल्लीचं आभाळ. भिजल्या मोरीत बसून ती इतकी हसली, की शेवटी तिला रडू आलं, आणि मग कितीतरी वेळ ते थांबेना.

"कुणाला दाखवायचं नाही," डोळे पुसून ती म्हणाली. "विचारलं तर सांगायचं, सगळे चेहरे साफ आलेत."

विचारायला लोक आलेच. काही कॉपी मागायला. त्यांना मी म्हणायचो, सरकारी पेटीत आहे, ग्वाल्हेरला जायचंय. काही मात्र अंगणात उभे राहून हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि जाताना विचारायचे, की त्यात एखादा चेहरा पुसता येतो का. मी गंभीरपणे म्हणायचो, विज्ञान अजून तिथवर गेलेलं नाही. कोण किती साफ आहे, हे मला फोटोपेक्षा या लोकांवरून जास्त कळलं.

मग एक दिवस डबेवाल्याची आई आली. घासलेट तेव्हा रेशनवर. घरात दिवा नाही, स्टोव्ह नाही, आणि डबा कुठे गेला ते मुलगा सांगत नाही. सौभाग्यवतीने तिला चहा दिला आणि सांगितलं, की डबा मास्टरांकडे जपून ठेवलाय, पण त्याचा त्यानेच येऊन मागावा.

तो आला तेव्हा मी मास्टरांच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. म्हणजे धरून बसलो होतो. त्याने जमिनीकडे पाहत डबा मागितला. मास्टरांनी मशीन थांबवलं.

"काय करायला आणला होता?"

गल्लीतून एक सायकल गेली.

"जाळायला," तो म्हणाला.

"क्या?"

"तुमचं दुकान. तुम्ही आत होता, माहीत होतं."

मास्टरांनी मान हलवली, आतून डबा आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. काढून घेतलेला नव्हता त्यातला थेंबही. तो मुलगा डबा घेऊन गेला, आणि मास्टर पुन्हा मशीनवर बसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊसाहेब, आता मला फोटो दाखवा. खरा."

त्यांना खोटं सांगणं मला जमलं नाही. घरातून फोटो आणून त्यांच्या हातात दिला आणि मी शरमेने समोरच्या गोठ्यातल्या म्हशीकडे पाहत बसलो. कोर्टात जाणारे चेहरे म्हणून एवढी बढाई मारली होती. ज्या पुराव्याच्या भरवशावर मास्टर रात्री झोपत होते, तो हा, गळ्यापर्यंतचा.

मग खुसखुस ऐकू आली. वळून पाहिलं तर मास्टर हसत होते, खांदे हलवत, सुई सांभाळत. सगळे उभे होते म्हणून सगळे बिनडोक. एकटे मास्टर बसले होते. गळालेली डोकी मोजण्याच्या नादात हे आम्ही मोरीत पाहिलंच नव्हतं. संपूर्ण फोटोत एकच डोकं होतं, टोपीसकट, मिशीसकट, अगदी स्वच्छ. माझ्या आयुष्यातलं पहिलं.

त्यांनी त्या डोक्यावर बोट ठेवलं. "सर तो बच गया, भाऊसाहेब."

फोटो त्यांनी ठेवून घेतला, अस्तराच्या कापडांखाली, ट्रंकेत. ही गोष्ट लिहायची त्यांची परवानगी आता कुठे मिळाली आहे. मास्टर म्हणतात, लिखो, सबके बाल सफेद हो गए. ज्यांचे चेहरे साफ आले असं त्यांना वाटत होतं, त्यातले काही हे वाचून नाराज होतील. त्यांची मी माफी मागणार नाही.

भावाला काय लिहिलं, ते मास्टरांनी मला सांगितलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही. पण फोटो पाहिल्यानंतर पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. दुकानात तीन नव्या अचकनी लाकडी खुंट्यांवर लावून ठेवल्या होत्या. दाराशी काचेची नवी फ्रेम आणून ठेवली होती, आत फोटो लावायला, म्हणजे येणाऱ्या गिऱ्हाइकाला काम दिसेल.

"कॅमेरा आणा," ते म्हणाले. "कपड्यांचे फोटो काढायचेत. डोकं लागत नाही. आपसे अच्छा कौन खींचेगा?"

जाणारा माणूस दुकानाला नवी फ्रेम कशाला लावेल. मी धावतच कॅमेरा आणायला गेलो.