सूर्य न मावळणाऱ्या राज्याचं गाणं

पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि सिक्युरिटी सुपरवायझर होऊन कतारला आलो. राहायला बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत, ड्यूटी दोह्यात, ब्रिटिश कुटुंबांच्या एका कंपाउंडवर. गाड्या तपासायच्या, पास बघायचे, वॉकी-टॉकीवर रिपोर्ट द्यायचा.

तिथे हार्डी नावाचे निवृत्त कर्नल मुलीकडे राहत. मी माजी सैनिक आहे हे कळल्यापासून ते गेटवर थांबत.

"ऑल वेल, हवालदार?"

"ऑल वेल, सर."

एका शुक्रवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम होता. एमा नावाची कलाकार लंडनहून आलेली. विनोद सांगायची, अकॉर्डियनवर गायची. मी हॉलच्या दाराशी होतो.

आधी सगळेच हसत होते. मग तिने परेडची चाल धरली. बूट आपोआप ठेका धरतील अशी. शब्द मात्र भलतेच. आमच्या राज्यावर सूर्य मावळत नाही, म्हणून आमची ड्यूटीही संपत नाही. दुसऱ्याच्या घरात शिरलो, त्याचाच चहा प्यालो आणि निघताना म्हणालो, आभार मान.

मी हादरलो. आमच्याकडे भर सभेत असं कोणी गायलं असतं तर खुर्च्या उडाल्या असत्या. इथे निम्मे हसत होते, निम्मे खाली बघत होते.

कर्नल उठले. "बंद करा."

बाजा थांबला.

"माझा मुलगा इराकमध्ये, बसऱ्याला लढताना पडला. झेंड्यात गुंडाळून घरी आला. त्याच्यावरही हसायचंय?"

माझा वॉकी-टॉकी वाजला. कंट्रोल रूम कॅमेऱ्यावर सगळं बघत होती.

"हॉल, कंट्रोल. लेडी को स्टेज से उतारो. अभी. ओव्हर."

"हॉल, रॉजर. आउट."

मी स्टेजच्या पायरीशी पोचलो. एमाने बाजा खाली ठेवला. ती हळू बोलली, पण माइक चालू होता.

"सर, मीही तिथेच होते. आर्मीत मेडिक. हे गाणं माझं नाही. आमच्या गाडीतल्या पोरांनी रचलेलं. गस्तीला निघताना म्हणायचे. ज्याने चाल बसवली, तो माझ्या हातांत गेला. देशावर त्याचा राग नव्हता. आपण इथे कशाला आलो, एवढंच तो विचारायचा."

"हॉल, कंट्रोल. रिपोर्ट. ओव्हर."

"कंट्रोल, हॉल. वेट. आउट."

मिळालेली ऑर्डर मी आयुष्यात तेवढीच एकदा थांबवली.

कर्नलनी एमाकडे बघितलं. "नाव काय त्याचं?"

"डॅनी."

"माझा मुलगाही हे गायचा," ते म्हणाले आणि बाहेर पडले. पायरीशीच मी सावधान झालो. त्यांचं लक्ष नव्हतं.

एमाचा पुढचा कार्यक्रम रद्द झाला. माझी बदली इंडस्ट्रियल एरियात, एका गोदामाच्या गेटवर झाली. कर्नल पुन्हा भेटले नाहीत.

तेव्हापासून माझ्या पलटणीतला लान्स नाईक बाजीराव शेळके फार आठवतो. बर्फातल्या पोस्टवर त्याने एक गाणं केलं होतं. खाली हेडक्वार्टरमध्ये शेकोटीशी पाय शेकत बसलेले साहेब आम्हाला सांगतात, एक इंचही मागे हटू नका. ते ऐकून बंकरमध्ये आम्ही पोट धरून हसायचो. एका सकाळी गस्तीवर बाजीरावच सर्वांत पुढे होता. बर्फाचा कडा त्याच्यावर कोसळला.

त्याच्या गावात स्मारक आहे. लोक फुलं वाहतात, भाषणं करतात, शूर होता म्हणतात. होताच. पण तो आम्हाला किती हसवायचा, हे तिथे अजून कोणी सांगितलेलं नाही.