"मला इथं करमतं." कशावरून?

आज वर्गात एक गंमत झाली. म्हणजे वर्गाला ती गंमत वाटली.

आम्हाला चिकित्सक विचार आणि संवादकौशल्याचा कोर्स आहे. सरांनी जोड्या लावल्या. एकानं स्वतःबद्दल एक वाक्य बोलायचं, दुसऱ्यानं फक्त 'कशावरून?' विचारायचं. पुरावा नसेल तर वाक्य मागं घ्यायचं.

मी सहज बोलून गेले, "मला धाराशिवमध्ये करमतं."

"कशावरून?" शेजारच्या मुलीनं विचारलं. तिचं नाव मला आजच कळलं.

मी पुरावा शोधू लागले. मेसमध्ये मी भिंतीकडं तोंड करून जेवते. सुट्टीच्या दिवशी दिवसभर कुणाशी एक शब्दही बोलणं होत नाही. शेवटी म्हटलं, "वाक्य मागं घेते." सगळे हसले. मीपण हसले.

संध्याकाळी अणदूरहून आईचा फोन आला. "करमतंय का गं?"

"व्हय, लई."

"करमंलच की. आपल्या गावचा खंडोबा बी पालखीत बसून जातोय की दरवर्षी नळदुर्गाला ऱ्हायला."

त्याला पोचवायला आणि परत आणायला माणसं सोबत चालत जातात, आई. मी एकटी एसटीनं आले. पण हे बोलले नाही. उलट विचारलं, "तुला करमतं का गं माझ्याबिगर?"

"मला काय धाड भरलीय? मजेत हाय मी."

'कशावरून?' अगदी ओठावर आलं होतं. पण विचारलं असतं तर दोघींनाही वाक्य मागं घ्यावं लागलं असतं.

तुम्ही घरच्यांना 'मजेत आहे' असं शेवटचं कधी सांगितलं? आणि कशावरून?