हळदी, वांगी, केशरी

सोल्डरच्या टेबलाखाली कथलाचे थेंब साचतात ना, तसे आमच्या दुकानाचे किस्से. कितीही झाडा, एखादा चपलेला चिकटतोच!

दुकान गुलाबरावांचं, अमरावतीच्या राजापेठेत, रेडिओ दुरुस्तीचं. मला शाळेनं चौथीत सोडलं, गुलाबरावांनी धरलं. त्यांचंच मीठ खाऊन त्यांचीच फिरकी घेत जगलो. देव त्यांचं भलं करो!

*

करंट अडवणारा रेझिस्टर केवढा, ते त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. आणि गुलाबरावांना लाल, हिरवा, केशरी सगळे सारखेच दिसत! मग शेजारच्या साडीवाल्या जेठाभाईंना हाक. ते चष्मा सारून वाचत, "हळदी, वांगी, केशरी... काठ बी सरस हाय, बांधून देऊ?"

*

एकदा जेठाभाई धामणगावला लग्नाला गेले. गुलाबरावांनी मला रंग विचारला. मी गमतीत लालला हिरवा सांगितलं! रेडिओ त्यांच्या साळ्याचा. लावल्याबरोबर धूर!

साळा म्हणतो, "भाऊजी, आज आगीची बातमी हाये का?"

*

साठच्या दशकाच्या शेवटी अकोल्याच्या कॉलेजातले इंगोले सर निक्सी नळी घेऊन आले. काचेच्या पोटात तारेचे आकडे, करंट दिला की एकेक पेटणार. प्रदर्शनासाठी सरांनी सरकी मोजायचं यंत्र बनवलं होतं. नळी एकच, तीही परदेशातली.

"ही गेली तर प्रिन्सिपॉल माझं यंत्र भंगारात टाकतील, गुलाबराव."

"करंट कमी पडला तं आकडा अर्धाच पेटते, जास्त झाला तं नळी मरते," गुलाबराव म्हणाले. जेठाभाईंनी वाचलेला हळदी-वांगी-केशरी रेझिस्टर लावला. करंट मोजायला सर घाईत मीटर रेझिस्टरच्या दोन टोकांना लावायला लागले.

"सर! नाक्यावरचा शिपाई रस्त्याच्या मधात उभा राह्यते, बाजूच्या वावरात नाई! तार तोडा, मधात मीटर घाला," गुलाबराव ओरडले.

काटा दोन मिलीअँपवर थांबला, नळीला हवा तेवढाच. तेव्हा कुठे सरांनी चहा घेतला.

*

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही दोघंही अकोल्याला गेलो. सर प्रिन्सिपॉलना आणायला दारावर गेले, आणि गर्दीच्या धक्क्यानं रेझिस्टर तुटला! गुलाबरावांच्या पिशवीत दोनच उरलेले. एकाचा शेवटचा पट्टा केशरी, दुसऱ्याचा लाल. लालवाला लागला तर दहापट करंट, नळी खतम. जेठाभाई अमरावतीला!

"हा केशरी, आईशप्पथ!" मी ओरडलो.

"चूप बस! साळ्याचा रेडिओ आठवते मले."

गुलाबरावांनी गर्दीतल्या एका लुगडं नेसलेल्या म्हातारीपुढे तळहात पसरला. "मावशी, यातला केशरी काठाचा कोणता?"

तिनं क्षणात उचलून दिला. सोल्डरचा टाका मारला, मीटर लावला. काटा दोनवर! तेवढ्यात प्रिन्सिपॉल आले. सरकी पडू लागली, आकडे पेटू लागले. इंगोले सरांना कळलं तसे त्यांनी भर गर्दीत म्हातारीला हात जोडले.

म्हातारीचं लक्ष नळीतल्या उजेडाकडे. "केशरी लावला म्हणून केशरीच पेटला! आता हिरवा दाखव बरं, बाबू."

गुलाबराव नळीकडे पाहत म्हणाले, "मावशी, हा हिरवाच होय ना?"